पाळणाघरातली शांतता

1948 च्या कारखाने कायद्याचे 48 वे कलम पाळणाघराविषयी होते. ज्या कारखान्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला आहेत तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, ती मोठी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ हवी, असे हे कलम सांगत असे. 1976 साली पन्नासाची अट तिसावर आली. याच कलमात आणखी एक अट होती आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष गेले नाही. ही खोली मुलांच्या आणि तान्ह्या बाळांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीकडे सोपवलेली असली पाहिजे. म्हणजे पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच आपल्या कायद्याला ठाऊक होते की दुसऱ्याचे मूल सांभाळणे हे शिकून करायचे काम आहे.

हे शहाणपण सहज आलेले नव्हते. त्याच्यामागे मुंबईच्या गिरणगावातली मुले होती, आणि गिरणगाव ज्या माणसांनी भरला त्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, आणि खालच्या रत्नागिरीतून आलेले पुष्कळ होते. रेवसहून, धरमतरहून बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडायचा. नवरा गिरणीत, अनेक घरांत बाईही गिरणीत. मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा सरकारी कागदांवर आला.

1921-22 च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांकडून गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची आणि बाळांची पाहणी करून घेतली. त्या पाहणीतला एक आकडा पुढे प्रत्येक मजूर अहवालात फिरत राहिला: गिरणी कामगार स्त्रियांच्या शंभरांतल्या 98 बाळांना अफू दिली जात होती. तिचे नाव बाळगोळी. कोकणातल्या घरोघरी सहाणेवर उगाळतात ती बाळगुटी वेगळी. तिच्यात हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड असे जिन्नस असतात. बाळगोळी बाजारातून विकत यायची आणि तिच्यात अफू असायची. सकाळी कामावर जाण्याआधी गोळी चाटवली की बाळ आई परतेपर्यंत पडून राही. रडत नाही, मागत नाही, दूधही पीत नाही. त्या काळी मुंबईत वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण 1921 साली दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर गेले होते. बाया बाळंतपणाला गावी जात आणि बाळ घेऊन परतत, त्यामुळे जन्म कोकणात आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई, म्हणून तो आकडा फुगलेला होता हे खरे. पण तेवढे वजा करूनही उरते ते भयंकर आहे.

त्या आयांना निर्दय ठरवणे सोपे होते आणि तेव्हाच्या अनेक सुशिक्षितांनी ते केले. मला त्या गोळीत वेगळेच दिसते. बाळ शांत असले की ते नीट सांभाळले जात आहे, असे मोठ्यांना वाटते. जिथे सांभाळणारे हात कमी आणि मुले जास्त, तिथे ही शांतता कुठून तरी मिळवली जाते. अफूने, धाकाने, मारून, दोरीने खाटेला बांधून, आणि आता खोकल्याच्या औषधाने किंवा हातात मोबाइल देऊन. मुलांच्या सुरक्षिततेचा इतिहास पाहताना हे एक सूत्र मी हातातून सोडलेले नाही.

1928 च्या जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आदल्याच वर्षी ते कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर होते. आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे आणि त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. 1934 च्या कारखाने कायद्याने पाळणाघराचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला, आणि स्वातंत्र्यानंतर 48 वे कलम आले. पुढे मळे, विडी, बांधकाम मजूर अशा प्रत्येकासाठी निघालेल्या कायद्यात पाळणाघराचे कलम राहिले. 2017 साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास कर्मचारी असतील तिथे, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली.

या साऱ्या कायद्यांत पाळणाघर मालकाच्या फाटकाला बांधलेले आहे. आधी फाटक हवे, मग त्याच्या आत मोजण्याइतक्या बाया हव्यात, तर मुलाला खोली.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बाईला फाटकच नाही. रेवदंड्याची, थळची, करंजाची, एकदऱ्याची कोळीण पहाटे बंदरावर जाते, लिलावात मासळी घेते आणि टोपली घेऊन बाजार गाठते. तिचा मालक कोण? नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत कामाला जाणारी, आषाढात पाण्यात वाकून आवण लावणारी, पेण-हमरापूरला गणपतीच्या मूर्ती रंगवणारी, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणारी कातकरी बाई, या सगळ्या दिवसभर राबतात आणि कोणत्याही हजेरीपटावर पन्नासांत मोजल्या जात नाहीत. भट्टीवर बायका मोजायच्या ठरवल्या तरी त्या नवऱ्याच्या नावाच्या उचलीत बुडालेल्या असतात. उचल जोडप्याला मिळते, सही पुरुषाची.

मग मूल कोण सांभाळते? आजी, आणि आजी नसेल तर थोरली बहीण. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन उभी, हे चित्र किनाऱ्यावर इतके नेहमीचे आहे की आपण ते बालसंगोपनाच्या इतिहासात धरतच नाही. खरे तर या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी बिनपगारी सेविका तीच. तिला प्रशिक्षण नाही, सुट्टी नाही, आणि तिच्या कामाची किंमत तिच्याच शाळेतून वसूल होते.

ही गोष्ट ज्यांनी डोळसपणे पाहिली त्या दोघी उत्तरेच्या किनाऱ्यावर होत्या. ताराबाई मोडक 1923 पासून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात होत्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरी मध्यमवर्गात बालशिक्षण रुजले, पण ताराबाईंना ते खेड्यात न्यायचे होते. 1945 च्या अखेरीस त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. केंद्र उघडले तरी वारल्यांची मुले येईनात. मग या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगण झाडायचे, मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, आणि गोष्ट, गाणे, खेळ तिथेच. माँटेसरीची महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने आणि काड्या यांवर मोजणे आणि रंग ओळखणे सुरू झाले.

1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे त्यांनी विकासवाडी हा प्रयोग केला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही त्यांनी चालवली, आणि विकासवाडी हा त्याच विचाराचा दुसरा भाग होता. भावंड सांभाळायचे म्हणून थोरली शाळेत येत नाही ना, मग भावंडालाही घेऊन ये, आम्ही त्याला शेजारच्या खोलीत सांभाळू. मला वाटते, महाराष्ट्रात पाळणाघराची इतकी अचूक कल्पना त्याआधी कोणी मांडली नव्हती. कायद्याने पाळणाघर मालकाच्या फाटकाला बांधले होते, या दोघींनी ते थोरल्या बहिणीच्या शाळेला बांधले.

आणि त्या पाळणाघरात, बालवाडीत शांतता नव्हती. मूल हालते, विचारते, सांडते, भांडते, आणि बाईने त्याला गप्प करायचे नसते. तिने निरीक्षण करायचे, नोंद ठेवायची आणि त्या नोंदीवरून उद्याचे काम ठरवायचे. दादरला असल्यापासून बालशिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर होते, ताराबाई 'शिक्षणपत्रिका' चालवत होत्या. मुलाला मारायचे नाही, भीती दाखवायची नाही, लालूच द्यायची नाही, हे तिथे शिकणाऱ्या मुलींना सुविचार म्हणून शिकवले जात नव्हते. मारण्याऐवजी काय करायचे, याचा सराव करून घेतला जात होता. नुसती मनाई बाईला अडवते, सराव तिला वाट दाखवतो.

या धाग्याला रायगडची एक गाठ आहे. 1953 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला होता. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हाचे अर्थमंत्री, आणि जन्म महाडजवळच्या नाते गावचा. या मंडळाच्या अनुदानाने देशभर खेड्यापाड्यांत बालवाड्या निघाल्या. त्या चालवायला माणसे हवीत म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय बालकल्याण परिषदेमार्फत बालसेविका प्रशिक्षण सुरू झाले. ते जवळपास वर्षभराचे होते.

त्यानंतर 2 ऑक्टोबर 1975. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातली धारणी सुरुवातीच्या प्रकल्पांत होती. गावोगावच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणात जे घडले होते ते सरकारी योजना म्हणून देशभर गेले आणि काही दशकांत या केंद्रांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. इतक्या मुलांपर्यंत आहार आणि लस पोचवणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे नाही, तिचे मोल मी कमी करणार नाही. पण विस्तार होत गेला तसे प्रशिक्षण आकसत गेले. बालसेविकेला वर्ष मिळत होते, सुरुवातीच्या अंगणवाडी सेविकेला काही महिने मिळाले, पुढे मूळ प्रशिक्षण 26 दिवसांवर आले. 2023 साली केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आणला, त्यातले सेविकेचे प्रशिक्षण तीन दिवसांचे. ते उजळणीसाठी आहे, मूळ प्रशिक्षणाच्या जागी नाही, हे मान्य. तरीही वर्ष, महिने, दिवस अशी ही उतरंड आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. म्हणजे कागदावर आपण पुन्हा बालसेविकेच्या वर्षाकडे आलो आहोत.

1975 साली मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये आणि न झालेलीला 100 रुपये मिळत. त्याला पगार म्हणायचे नव्हते, ते मानधन. स्वयंसेवेची ही कल्पना सेविकेच्या मानगुटीवर आजही आहे. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पदे सरकारी नागरी पदे नाहीत असे ठरवले. 2022 च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, आणि त्या ज्या परिस्थितीत राबतात तिची दखलही घेतली. महाराष्ट्रात 2023 साली सेविकेचे मानधन 8,325 वरून 10,000 रुपये झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून जानेवारी 2024 अखेरपर्यंत राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला. किनाऱ्यावरच्या गावांतही अंगणवाड्यांना कुलपे लागली. ज्या घरांत आई मासळीला गेली की मूल अंगणवाडीत असे, तिथे पुन्हा थोरलीची शाळा बुडाली. संपाने मुलांचे हाल झाले असे तेव्हा पुष्कळ म्हटले गेले. ते खरेच आहे, आणि ज्या बाईच्या न येण्याने इतक्या घरांची घडी मोडते तिच्या कामाची किंमत त्यातूनच कळते.

प्रामाणिकपणाचा प्रश्नही इथेच येतो. अंगणवाडीत सगळ्यात मोलाची वस्तू वजनकाटा आहे आणि सगळ्यात नाजूक वस्तू वजनाची नोंदवही. मूल किती किलोचे, दंडाचा घेर किती, ते कोणत्या श्रेणीत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर मूल तीव्र कुपोषित, त्याला ग्राम बालविकास केंद्रात घ्यायचे, डॉक्टरांना दाखवायचे. पण तीव्र कुपोषित मूल नोंदले की वरून विचारणा होते, बैठकीत उभे केले जाते, नोटीस येते. न नोंदले तर सगळे शांत. पुन्हा तीच शांतता, फक्त या वेळी कागदावरची. वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी आकडे सौम्य होत गेले, कारण खरे लिहिणाऱ्या बाईलाच शिक्षा होत होती.

याला महाराष्ट्रात एक चांगला अपवाद घडला. 2005 साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. त्याचे प्रमुख व्ही. रमणी यांनी खालच्या कर्मचाऱ्यांना भरवसा दिला की खरा आकडा लिहा, त्यासाठी तुम्हाला जाब विचारला जाणार नाही. भर पहिल्या हजार दिवसांवर दिला. 2012 साली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत दोन वर्षांखालच्या खुजेपणाचे प्रमाण 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 24 टक्क्यांच्या आसपास आलेले दिसले. त्याची कारणे अनेक होती, पण खरे बोलायला जागा मिळणे हे त्यातले एक, असे मी मानतो. सचोटी ही सेविकेच्या स्वभावातली गोष्ट आहे असे समजून आपण तिच्यावर सोडून देतो. तिला सचोटीने वागणे परवडेल अशी व्यवस्था करणे हे वरच्यांचे काम आहे.

वरच्यांनी ते काम सोडले की काय होते, हे रायगडने फार जवळून पाहिले. पनवेल तालुक्यात कळंबोलीला मतिमंद मुलींचे एक खासगी बालगृह होते. ठाणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका बालगृहातल्या भूकबळींच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती आणि राज्यातली बालगृहे पाहायला समिती नेमली होती, तिच्या प्रमुख होत्या डॉ. आशा बाजपेयी. 2011 साली ही समिती कळंबोलीला पोचली आणि मुली बोलल्या. वर्षानुवर्षे त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत होते. 2013 साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले. त्याआधी तिथे कोणी गेलेच नव्हते असे नाही. सरकारी तपासणी होत असे, शेरे लिहिले जात, रजिस्टरे तपासली जात. पण ज्या मुलींना नीट बोलता येत नाही त्यांच्याजवळ बसून, त्या जसे सांगतील तसे ऐकून घेणारे कोणी आले नव्हते. तपासणी इमारतीची आणि कागदाची झाली, मुलींची झाली नाही.

नोव्हेंबर 2012 मध्ये पॉक्सो कायदा लागू झाला. अत्याचाराची शंका आली तरी कळवणे प्रत्येकावर बंधनकारक झाले, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला वर्षापर्यंतची कैद. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मूल सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाने क्रौर्य केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. कायदे आले. खासगी पाळणाघर मात्र त्यांच्या मधल्या फटीतच राहिले. 1996 साली प्राध्यापक राम जोशी समितीने पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विचार केला होता, आणि त्याच वर्षी राज्याने प्रवेशाच्या वेळी लहान मुलांच्या मुलाखती बंद करणारा कायदाही केला. मूल दारातून आत कसे घ्यायचे याचा नियम झाला. आत गेल्यावर ते कोणाच्या हाती असेल, एका बाईकडे किती मुले असतील, याचा नियम खासगी पाळणाघरांसाठी झाला नाही. वडापावची गाडी लावायलासुद्धा परवाना लागत होता.

2016 च्या नोव्हेंबरात खारघरला जे घडले ते अजून लोकांच्या लक्षात आहे. पनवेल महापालिका स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आया मारताना, आपटताना कॅमेऱ्यात दिसली. बाळाच्या अंगावर खुणा दिसल्या, प्रकरण पोलिसांत गेले, आणि ते चित्रण देशभर दाखवले गेले. राज्यात खळबळ उडाली, नियमावलीची मागणी झाली, घोषणा झाल्या. त्यानंतर प्रत्येक पाळणाघराच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचा उल्लेख आला. पालकांना मोबाइलवर थेट चित्र, हीच सुरक्षिततेची खूण झाली.

ती आया दोषीच होती, त्यात शंका नाही. पण त्या घटनेत कॅमेरा आधीपासूनच होता, आणि त्याने मार थांबवला नाही. त्याने पुरावा दिला. रडणाऱ्या बाळापुढे माणूस संतापतो तेव्हा त्याच्या हातातून बाळ काढून घेणारे दुसरे माणूस खोलीत हवे असते. एकटी बाई, दहा मुले, बंद दार आणि शिकवण काहीच नाही, हे जुळून आले की मुलावर हात पडण्याचा धोका वाढतोच. ती बाई किती चांगली आहे यावर मुलाची सुरक्षा ठेवता येत नाही. माणसे नेमताना चौकशी करणे, पोलीस पडताळणी, दोन मोठ्या माणसांशिवाय मुलांची खोली न चालवणे, मूल येताना आणि जाताना त्याचे अंग पाहून नोंद करणे, पालकांना कोणत्याही वेळी न सांगता आत येऊ देणे, 1098 हा क्रमांक भिंतीवर लावणे, आणि थकलेल्या बाईला अर्धा तास बाहेर बसू देणे. यातले काहीही महाग नाही. शेवटचे मात्र मालकांना सगळ्यात महाग वाटते.

खारघरविषयी आणखी एक गोष्ट. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत पनवेल-उरणच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवे शहर उभे राहिले. ते उभारणाऱ्या मजुरांची मुले वाळूच्या ढिगांवर, सळयांच्या बाजूला वाढली. 1969 साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले होते. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था वाढली, काही वर्षांत ती मुंबईत आली आणि तिच्या मुंबईतल्या कामाने नवी मुंबईच्या बांधकामांपर्यंत हात पोचवला. तिथे बाईला बाळ कसे धरायचे, कसे निजवायचे, जुलाबात काय द्यायचे, मूल अचानक गप्प झाले तर काय ओळखायचे, हे नेमून शिकवले जाते. ज्यांना आपण सर्वांत गरीब म्हणतो त्यांच्या काही मुलांना शिकलेली सेविका मिळाली, आणि त्यांनी बांधलेल्या इमारतींतल्या मुलांना कोण सांभाळते हे विचारायला 2016 उजाडावे लागले.

किनाऱ्यावर सुरक्षिततेचे आणखी काही अर्थ आहेत, आणि ते कुठल्याच शहरी नियमावलीत नसतात. विहीर, खाडी, जिताड्याची तळी, भरतीची वेळ. आणि विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लाल विंचवाच्या दंशाने मरणारी मुले पाहिली, हृदयावर होणारा त्याचा परिणाम टिपला, आणि प्राझोसिन हे औषध वापरून तीस-चाळीस टक्क्यांवरचा मृत्युदर एक-दोन टक्क्यांवर आणला. पण औषध वेळेवर मिळायला मूल वेळेवर पोचले पाहिजे. घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय ही लक्षणे ओळखून मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात पाठवणारे गावातले पहिले माणूस पुष्कळदा सेविकाच असते. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत छपरे उडवली तेव्हा शाळा-अंगणवाड्यांचीही उडाली. टाळेबंदीमुळे मुले घरी होती, म्हणून ती वाचली. पत्रे पुन्हा बसले. वादळाच्या दिवशी चाळीस मुलांना घेऊन कुठे जायचे हे सेविकेला सांगणारा सराव मात्र गावागणिक झालेला नाही.

त्या काळात तिच्या हातात फोन आला होता. 2021 साली पोषण ट्रॅकर हे ॲप आले. प्रत्येक मुलाची हजेरी, वजन, आहार त्यात भरायचा. ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते सरकारी मोबाइल परत केले. फोन कमकुवत, रेंज नाही, आणि ॲपमधले इंग्रजी अनेकींना वाचता येत नव्हते. पुढे मराठी आले, आता आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखण्याचीही सोय आहे. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनेच भरले, अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले होते. या प्रत्येक कामाला कारण आहे आणि माहिती गोळा व्हायला हवीच. पण ती फोनकडे पाहत असते तेव्हा मुलांकडे पाहत नसते. ताराबाईंच्या शाळेत नोंद हे शिक्षिकेचे डोळे होते, ती नोंद तिच्या उद्याच्या कामासाठी होती. आताची नोंद वर जाते आणि तिच्याकडे परत येते ती चूक दाखवायला.

2022 पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली पाळणा योजना आहे. काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचे, देशभरात 17,000. आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत रोज साडेसात तास, महिन्याचे 26 दिवस असे नियम होते. आजची अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसाचे काही तास घेते, त्याहून लहान बाळाला घरी आहाराचे पाकीट देते. सहा महिने ते तीन वर्षे हा काळ मुलाच्या मेंदूच्या आणि वजनाच्या वाढीचा, आणि नेमक्या याच काळात किनाऱ्यावरचे मूल थोरलीच्या कडेवर असते. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटी बाहेर पडतात, तेव्हापासून मेअखेरपर्यंत कोळिणीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. भट्टीवरचे कुटुंब नोव्हेंबरात गाव सोडते. पाळणाघर दहाला उघडणार असेल आणि गावातच राहणार असेल, तर या दोघींना त्याचा उपयोग नाही. बंदराच्या वेळेला उघडणारे एक आणि भट्टीबरोबर हलणारे एक, अशी दोन पाळणाघरे जिल्ह्यात नीट चालवून पाहायला हवीत, प्रत्येकात दोन शिकलेल्या बायका, त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण आणि महिन्याला पगार म्हणता येईल एवढा पगार. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मूल प्रशिक्षित स्त्रीकडे सोपवण्याची अट कारखान्यांपुरती 1948 सालीच लिहिलेली आहे. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात त्याच अटीसाठी बंदराच्या आणि भट्टीच्या नावाने रकमेची एक ओळ घालायची आहे.